मालनताईंच्या गोळ्या

“तोंड उघडा.”

मी उघडलं.

“जीब वर करा. आता ह्या अंगाला. हां, गिळली,” मालनताई म्हणाल्या आणि समाधानाने पुन्हा बाकाला टेकून बसल्या. “आता घ्या माजं रगात.”

गोळी सर्दीची होती आणि माझीच होती. त्यांच्या दंडाला रबरी पट्टी बांधून शीर चाचपताना मी लागोपाठ तीनदा शिंकले. तशी त्यांनी हात मागे घेतला, मला पर्समधून गोळी काढायला लावली आणि ती माझ्या पोटात जाईपर्यंत नजर हलवली नाही. ती नजरही एकाच डोळ्याची, कारण उजवा डोळा वर्षापूर्वीच गेला होता. रांगेतले पेशंट फिदीफिदी हसत होते आणि एम.एस्सी.ला पहिली आलेली मी शहाण्या बाळासारखी जीभ दाखवत होते.

“सवय वो मॅडम,” त्या म्हणाल्या. “टीबीचा मानूस लई बेरकी. गोळी गालात धरतो आनि आपली पाठ फिरली की थुकतो. मी पाठच फिरवत न्हाई.”

मालन कोळेकर, वय चौतीस, जत तालुक्यातल्या वाळेवाडीच्या आशाताई. घरोघर फिरून बाळंतिणींची, लसीकरणाची, तापाच्या साथीची खबर ठेवायची आणि टीबीच्या पेशंटांना आपल्यादेखत गोळ्या गिळायला लावायच्या, हे त्यांचं काम. गावात असे सात पेशंट होते. एकाचाही डोस आपण कधी चुकू दिला नाही, हे त्या येताजाता सांगायच्या.

ही २०११ची गोष्ट. सांगलीकडच्या एका डोळ्यांच्या हॉस्पिटलात वरच्या मजल्यावर छोटीशी लॅब होती, तिथे माझी पीएच.डी. चालू होती. खालच्या ओपीडीत डॉ. नाडगौडा डोळ्यांच्या आतल्या सुजेचे पेशंट बघायचे. या आजाराला युव्हिआयटिस म्हणतात. जंतूंनी होतो तो प्रकार वेगळा. आमच्या बहुतेक पेशंटांत शरीराचंच सैन्य स्वतःच्या डोळ्यावर चालून जातं. त्याला आवरायला स्टेरॉइडच्या गोळ्या देतात. मालनताईंना त्या सुरू होऊन महिना झाला होता आणि राहिलेला डावा डोळा वाचवायचा होता.

“रोज रगात काडून बगता तरी काय त्यात?” त्यांनी विचारलं.

मला असं कुणी विचारलं की फार आवडायचं, कारण कुणी विचारायचं नाही. मी सांगायला लागले. तुम्ही घेता ती गोळी म्हणजे आपल्या अंगातच तयार होणाऱ्या एका हार्मोनची नक्कल. ते हार्मोन रक्तातून पेशीत शिरतं, पण त्याला स्वतःला काही करता येत नाही. पेशीत त्याचा निरोप घेणारे बसलेले असतात, त्यांना म्हणायचं रिसेप्टर. ते निरोप घेऊन आत जातात आणि सूज आणणारी कामं बंद करायला सांगतात.

“म्हंजे आमच्यावानीच की,” त्या म्हणाल्या. “वरनं सरकारचा कागद येतो, आनि आशा घरोघर सांगत फिरती.”

“अगदी तसंच.”

“आनि आशाच झोपून ऱ्हायली तर?”

मी हसले. “आशाताई कुठे झोपतात?”

त्यांनी विचारलेला प्रश्न किती खोल होता, हे मला तेव्हा कळलं नाही. मला फक्त त्यांची गंमत वाटली.

माझं काम हे रिसेप्टर मोजायचं होतं. गोळ्या रोज पोटात जायला लागल्या की पेशी हळूहळू रिसेप्टर कमी करते. रोज तोच निरोप, मग तो घ्यायला एवढी माणसं कशाला ठेवायची! त्यामुळे महिनाभर गोळ्या घेणाऱ्याच्या रक्तात ते कमी सापडायचे आणि न घेणाऱ्याच्या रक्तात पुरेपूर. तोवर मी चाळीस पेशंट मोजले होते आणि चाळिसांत हा नियम कुठे मोडला नव्हता.

मालनताईंचे रिसेप्टर पुरेपूर निघाले.

मी मोजमाप पुन्हा केलं. तेच आलं. रजिस्टरमध्ये आकडा लिहिला आणि खरं सांगते, मला थोडा रागच आला. मला जीभ वर करायला लावणारी बाई स्वतःच्या गोळ्या टाकून देते, म्हणजे काय?

पंधरा दिवसांनी त्या पुन्हा तपासणीला आल्या. मी काही कामाने खाली गेले होते, तर नाडगौडा सरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. सर पन्नाशीचे, सडसडीत, पेशंटशी अत्यंत सौम्य. आम्हा लॅबवाल्यांकडे मात्र त्यांचं सहसा लक्ष नसायचं. जिन्यात भेटले तर ‘काय, बरंय ना?’ म्हणून पुढे जायचे. उत्तराला थांबायचे नाहीत.

“वृषाली, ती कोळेकर बाई,” ते म्हणाले. “डोळा आणखी बिघडलाय. दीड महिना एवढ्या मोठ्या डोसवर आहे आणि तिचा चेहरा बघ. गाल बसलेले आहेत. आपल्या बाकीच्या पेशंटांचे चेहरे कसे पुरीसारखे फुगतात! हिची शुगर वाढलेली नाही, वजन वाढलेलं नाही.”

“पण गोळ्यांची वही आणतात त्या, सर. रोजची खूण केलेली.”

“वहीवर खुणा कुणीही करेल. तिला तर त्याची सवयच आहे.” त्यांनी चष्मा काढला. “हे बघ, माझ्यापुढे दोन रस्ते आहेत. गोळ्या घेऊनही तिला गुण येत नसेल, तर आजच दुसरं औषध सुरू करायला हवं. पण ते जहाल आहे, लिव्हरवर जातं, दर पंधरा दिवसांनी रक्त तपासावं लागतं. आणि ती साध्या गोळ्याच घेत नसेल, तर ते मी तिच्या हातात ठेवणार नाही. तुझ्याकडे तिचा काउंट आहे ना?”

“आहे.”

“त्यावरून सांगता येतं?”

आमच्या संमतिपत्रकावर ठळक अक्षरांत छापलं होतं, की ही तपासणी फक्त संशोधनासाठी आहे, उपचारासाठी नाही. तो कागद मीच मराठीत लिहिला होता. शिवाय उरलेल्या पेशींवर थेट स्टेरॉइड घालून त्या शांत होतात का, ते बघणारी दुसरी एक तपासणी होती. तिला तीन दिवस लागायचे. सर, मला तीन दिवस द्या, एवढंच म्हणायचं होतं.

पण सव्वा वर्षात पहिल्यांदा त्या खोलीत मला कुणी काही विचारत होतं. सरांसारखा माणूस माझ्या तोंडाकडे बघत थांबला होता.

“येतं की सर,” मी म्हणाले. “रिसेप्टर शंभर टक्के आहेत. ती गोळ्या घेत नाहीये.”

“नक्की?”

“नक्की.”

त्यांनी सुस्कारा सोडला. “बरं झालं विचारलं. तू आता वर जा. तुझं नाव मी मध्ये आणत नाही. तिचा तुझ्यावरचा विश्वास जायला नको, तुला अजून सॅम्पल लागतील.”

मी वर गेले. त्या दिवशी मी फार खुशीत होते, हे लपवण्यात अर्थ नाही. मैत्रिणीला फोन करून सांगितलंसुद्धा, की माझ्या टेस्टवर आज ओपीडीत निर्णय झाला.

सर मालनताईंवर ओरडले नाहीत. समजावून सांगितलं, गोळ्या तशाच चालू ठेवल्या आणि त्यांच्या गावच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना फोन केला, की तुमच्याच आशाताई आहेत, औषध नीट घेत नाहीत, जरा लक्ष ठेवा. हेतू चांगलाच होता. आमचे सगळ्यांचेच हेतू चांगले होते.

महिन्याने मालनताई आल्या त्या सासूबरोबर. म्हातारी काटक, नऊवारीचा काष्टा मारलेली, हातात सुनेची पिशवी. रक्त घ्यायला मी त्यांच्यापुढे बसले, तर मालनताईंनी निमूट हात पुढे केला.

“गोळ्या घेताय ना?” मी विचारलं.

उत्तर सासूने दिलं. “घेतीया की! आता मीच बगती. पानी पेली की जीब वर कराय लावती. डाक्टरनी सांगिटलंया तसं.”

मालनताई खाली मान घालून बसल्या होत्या. मी पट्टी सोडली, कापूस दाबला. तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “माजं गोळ्या वाटायचं काम काडून घेतलं, मॅडम.”

“कुणी?”

“सेंटरच्या सायबांनी. गावात समद्यांना कळलं. तो आमचा तुकाराम, टीबीचा, रोज तोंड वेंगाडायचा गोळी बगून. भर चौकात म्हनला, सोताच्या गोळ्या उकिरड्यात टाकती आनि आमच्या नरड्यात कोंबती. आता त्यो बी गोळ्या खाईत न्हाई.” त्यांनी कापूस दाबून धरला. “मी रोज उटून आरशात बगती. तोंड सुजलं का म्हनून. बिरोबाला बोल्ली, माजं तोंड सुजू दे, नारळ फोडीन.”

“सुजेल,” मी म्हणाले. म्हणजे काय म्हणाले, देव जाणे.

त्या दिवशीही रिसेप्टर पुरेपूरच निघाले.

दुसरी एखादी शहाणी असती, तर तिथेच चमकली असती. सासू समोर बसून गोळी गिळायला लावते, तोंड उघडून बघते, तरी मोजमाप ढिम्म हलत नाही. मग चूक गोळीत असेल, पेशीत असेल, माझ्या नियमात असेल. मी काय केलं? म्हातारी सुनेला पाठीशी घालते, असं ठरवून टाकलं. सुनेला पाठीशी घालणारी सासू मी तोवर कुठे पाहिली नव्हती, तरी ठरवलं. सरांना आकडा सांगितला. काही गोळ्या तरी पोटात जातील, या आशेने सरांनी डोस वाढवला.

उरलेल्या पेशी मी नळीत भरून नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवल्या. दुसरी तपासणी पुढेमागे प्रबंधासाठी करायचीच होती. ती सगळ्या पेशंटांची एकदम करायची, म्हणजे सामान वाया जात नाही, अशी आमच्या लॅबची पद्धत होती.

ती वेळ आली आणखी तीन महिन्यांनी. मधल्या तारखेला मालनताई आल्या नव्हत्या. मी टाकीतून नळ्या काढल्या, पेशी जाग्या केल्या, त्यांना डिवचलं आणि त्यांच्यावर स्टेरॉइड घातलं. बाकीच्या चाळीसच्या चाळीस पेशंटांच्या पेशी कमीजास्त वेळात शांत झाल्या. एका नळीतल्या झाल्या नाहीत. मी औषध दहापट केलं, मग शंभरपट केलं. त्या पेशी आपल्या धुमसत राहिल्या, जणू काही आलंच नव्हतं.

नळीवरचा नंबर वाचायची गरज नव्हती.

मालनताईंचे रिसेप्टर संख्येने भरपूर होते, पण निकामी होते. जन्मापासूनच तसे असावेत. निरोप त्यांना ऐकूच येत नव्हता. म्हणून पेशींनी ते कमी केले नाहीत, म्हणून गाल फुगले नाहीत, म्हणून शुगर वाढली नाही आणि म्हणूनच डोळ्याची सूज हटली नाही. त्या बाईने एकूण एक गोळी गिळली होती. आशाच झोपून राहिली तर काय, असं तिने मला पहिल्याच महिन्यात विचारलं होतं.

मी कागद घेऊन जिना उतरले. सरांची ओपीडी चालू होती, तरी आत शिरले. त्यांनी पेशंटला बाहेर बसवलं आणि माझे कागद दोनदा वाचले.

“चार महिने गेले,” ते म्हणाले.

“सर, मी...”

“तू विद्यार्थिनी आहेस. विचारलं मी, ठरवलं मी. ती टेस्ट त्यासाठी नव्हती, हे मला कळायला हवं होतं.” मग ते डॉक्टरसारखे सावरले. “डोळा अजून पूर्ण गेला नसेल. मागच्या वेळी तिला बोटं मोजता येत होती. दुसरं औषध लगेच सुरू केलं तर आहे तेवढं टिकेल, कदाचित थोडं परत येईल. पण पंधरा दिवसांच्या आत. मी येऊ का तुझ्याबरोबर?”

“नको सर, मी जाते. माझी ओळख आहे.”

“माझं नाव सांग. म्हणावं, डॉक्टर चुकले. उद्या ये, परवा ये, रविवारी ये, मी थांबेन.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी जतला गेले आणि तिथून वडापच्या जीपने वाळेवाडीला. उघडंबोडकं माळरान, मध्येच डाळिंबाच्या बागा. कोळेकरांचं घर गावाच्या कडेला, दारात शेरडं बांधलेली. मालनताई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. हाताच्या अंदाजानेच फोडत होत्या. मी अगदी जवळ जाऊन उभी राहिले, तरी त्यांनी वर बघितलं नाही. मी शिंकले तेव्हा त्यांनी मान वळवली.

“कोन हाय?”

“मी, मालनताई. हॉस्पिटलातली. वृषाली.”

“रगातवाल्या मॅडम?” त्यांचा चेहरा उजळला. “आवं, तुमी कशा आलाव? आत्ती, पानी आना, मॅडम आल्यात!”

सासू पाणी घेऊन आली. शेरडं हाकायला निघालेले मालनताईंचे मालक, बिरू कोळेकर, तेही येऊन खांबाला टेकले. मी सगळ्यांना सांगितलं. जीपमध्ये घोकत आले होते, तसं सांगितलं. यांनी गोळ्या घेतल्या होत्या. एकही चुकवली नाही. या औषधाचा निरोपच यांच्या शरीराला पोचत नाही, हजारांत काय, लाखांतही एखाद्याचं असं होतं. खोटं कुणी बोललं नाही.

म्हातारी मटकन खाली बसली. तिने सुनेच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो चोळत राहिली. बिरूंनी टोपी काढून हातात घेतली, पुन्हा घातली.

मालनताई रडतील, असं मला वाटलं होतं. त्या हसल्या. मोकळं, तोंडभर हसल्या.

“बगा! बगा आत्ती! मी म्हनत हुते का न्हवते!” मग माझा हात चाचपून धरला. “मॅडम, तुमचं लई उपकार. येवड्या उनातानाचं तुमी सांगाय आलाव. कोन येतंय वो येवडं?”

मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. पण मुख्य काम राहिलं होतं. “मालनताई, दुसरं औषध आहे. आजच माझ्याबरोबर चला. डॉक्टर थांबलेत तुमच्यासाठी. आहे ती नजर वाचेल.”

त्यांचं हसू थांबलं.

“एक सांगा मला,” त्या म्हणाल्या. “तवा त्या डोळ्याच्या सायबांनी मला म्हनलं, आमाला कळतंय बाई तुमी गोळ्या घेत न्हाई ते. कसं कळतंय, मी विचारलं, तर बोल्ले न्हाईत. चार म्हैने मी ह्योच इच्यार करती. मला वाटलं आमच्यातल्याच कुनीतरी जाऊन सांगिटलं. ह्या म्हातारीवर बी संशय घेतला मी, देवा. कुनी सांगिटलं वो त्यांना?”

म्हातारी माझ्याकडे बघत होती. बिरू बघत होते. मालनताईंचा हात माझ्या मनगटावर होता, खरखरीत आणि गरम.

वाक्य तयार होतं. ‘मीच सांगितलं, माझी मोजणी चुकली, डॉक्टरांनी माझ्यावर विश्वास ठेवला.’ एवढंच. हे वाक्य मी पुढे हजार वेळा म्हणून बघितलं आहे, म्हणायला चार सेकंद लागतात. पण नुकतेच त्यांनी माझे उपकार मानले होते. ते ऐकायला इतकं बरं वाटलं होतं, की ते परत द्यायला मन होईना. आणि सरांनी आपणहून म्हटलंच होतं, माझं नाव सांग.

“माहीत नाही,” मी म्हणाले. “कुणी सांगितलं नसेल. डॉक्टरांनीच तसा अंदाज केला.”

“आपल्याच मनानं?”

“हो.”

“माजी वही बगून बी? मी पाया पडले तरी बी?”

मी ओट्यावरची टरफलं बोटाने गोळा करू लागले.

त्यांनी माझा हात सोडला. रागाने नाही, अगदी हलकेच. “मग त्या मानसाच्या दारात मी आता पाय ठेवायची न्हाई,” त्या म्हणाल्या. “चुकून चुकलं असतं तर गोष्ट येगळी. मानूस चुकतंय. कुनी काय सांगिटलं, इस्वास ठेवला, तर त्ये बी मी समजून घेतलं असतं. पन मनानंच म्हनला, ही बाई लबाड. आशा हाय, खेडवळ हाय, खोटंच बोलनार. त्याचं औशिद मला पचायचं न्हाई, मॅडम.”

“अगं, डोळा जाईल!” बिरू म्हणाले.

“जाऊ दे.”

मी विनवण्या केल्या. दुसरीकडे दाखवू म्हटलं, तर असे डॉक्टर पुण्याशिवाय नव्हते आणि पुण्याला न्यायचं कुणी, राहायचं कुठे? दवाखाना तोच आहे, डॉक्टर फार भला माणूस आहे, त्यांना फार वाईट वाटलंय, असं सगळं सांगितलं. एवढं एक वाक्य सोडून मी सगळं सांगितलं. त्या मान हलवत राहिल्या. शेवटी म्हातारीने मला खूण केली, की राहू दे, मी समजावते. साडेतीनची जीप हॉर्न वाजवत होती. मालनताईंनी मला पिशवीभर शेंगा दिल्या आणि अंदाजाने माझ्या गालावर हात फिरवला.

जीपमध्ये बसल्यावर कळलं की काय झालं. त्यांना औषध सांगायला मी आले होते आणि ते देणाऱ्या एकुलत्या एका माणसाचं दार मीच बंद करून निघाले होते. अजूनही उतरता आलं असतं. ड्रायव्हरला थांबवून पाच मिनिटं मागे चालत गेले असते, तर झालं असतं. मी पुढच्या सीटच्या दांड्याला धरून बसून राहिले. पुढच्या आठवड्यात पुन्हा येऊ आणि तेव्हा सांगू, असं ठरवलं. पुढच्या आठवड्यात ताप होता. त्यानंतरच्या आठवड्यात मी पत्र लिहिलं. त्यात तब्येतीची चौकशी होती आणि सरांच्या ओपीडीची वेळ होती.

सर रोज विचारायचे, “येते म्हणाली का?” मी म्हणायचे, “विचार करते म्हणाल्या.” ते रविवारीही येऊन बसायचे. दीड महिन्याने आरोग्य केंद्रातून फोन आला, की कोळेकर बाईंना आता उजेड-अंधारही कळत नाही.

मी पुन्हा वाळेवाडीला गेले नाही.

आज मी दुसऱ्या शहरात विद्यार्थ्यांना हाच विषय शिकवते. स्टेरॉइड लागू पडत नाही तेव्हा आधी पेशंटवर संशय घेऊ नका, रिसेप्टर नुसते मोजू नका, ते काम करतात का ते बघा, असं सांगते. मुलं लिहून घेतात. नाडगौडा सर मागच्या वर्षी गेले. निवृत्त झाल्यावरही कुठलाही जुना पेशंट भेटला की ते त्याला जतचा का, म्हणून विचारायचे, असं त्यांच्या मुलीने मला फोनवर सांगितलं. त्या फोननंतर मी दोन दिवस कामावर गेले नाही.

त्या एका पेशंटवर आम्ही दोघांनी मिळून पेपर लिहिला होता. माझी पीएच.डी. त्याच्यावरच उभी राहिली. मसुदा घेऊन मी सरांच्या खोलीत गेले, ती दुपार मला अजून दिसते. त्यांनी एकेक ओळ सावकाश वाचली, आकडे तपासले, माझं कौतुक केलं. शेवटच्या परिच्छेदात मी लिहिलं होतं, की निदान झाल्यावर रुग्णास पर्यायी उपचारासाठी बोलावण्यात आले, परंतु ती आली नाही. त्या वाक्याखाली त्यांनी पेन्सिलने रेघ ओढली आणि माझ्याकडे बघितलं.

“का आली नसेल गं?” त्यांनी विचारलं.

“माहीत नाही, सर,” मी म्हणाले.